टेकू गप्प राहिला

फार जुनी गोष्ट. कोळशाच्या एका खाणीत, छताखाली ऐनाच्या लाकडाचा एक टेकू उभा होता. वरचा खडक जड झाला की तो कुरकुरायचा. ती कुरकुर ऐकली की लिंगू खाणकामगार झटकन बाजूला व्हायचा आणि छताला नवा आधार दिल्यावरच परत यायचा. भाकरी मात्र तो याच टेकूला पाठ लावून खायचा. "तू बोलतोस म्हणून मी जगतो, बाबा," म्हणायचा.

एके दिवशी शेजारी लोखंडी खांब आला. उंचापुरा, चकचकीत. टेकू कुरकुरला तसा तो हसला. "एवढ्याशा भाराला रडतोस? माझ्याकडे बघ. चकार शब्द काढत नाही मी."

टेकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून त्याने ओठ घट्ट मिटले. भार वाढत गेला, आतून तो चिरत गेला, तरी त्याने हूं की चूं केलं नाही. "आता शोभतोस!" लोखंडी खांब म्हणाला, आणि टेकूचा ऊर भरून आला.

एका दुपारी लिंगूने टेकूला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. "आज सुखात आहेस की रे," असं म्हणून त्याने पाठ टेकली आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"ऊठ, लिंगूदादा!" टेकू जिवाच्या आकांताने ओरडला. पण ओरडता ओरडताच तो मधोमध मोडला आणि छत खाली आलं.

लोखंडी खांब अजून तिथे ताठ उभा आहे. त्याला पाठ लावून भाकरी खायला कोणी बसत नाही.