चिमाची होडी

या गोष्टीला इतकी वर्षं झाली की तो गाव कोणत्या राजाच्या मुलखात होता, हेही आता कुणाला आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात एक पंतोजी होते. ते लहान मुलांना शिकवत. पण त्यांची रीत जरा निराळी होती. ते गोष्ट सांगत आणि ऐन मोक्याला थांबत.

एकदा ते म्हणाले, "रानात पूर आला. खारूताई झाडावर अडकली. पिल्लं जवळ, चहूकडे पाणी. आता ती पलीकडे जाणार कशी?"

"होडीतून!" मुलं ओरडली.

"मग करा की होडी. तोंडाने नको, हातांनी करा." असं म्हणून त्यांनी गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत पाणी भरलं आणि पिल्लं म्हणून मूठभर चिंचोके पुढे ठेवले.

कुणी नारळाची करवंटी आणली, कुणी झाडाची साल. भिवा सुताराची मुलगी चिमा हिने पळसाच्या पानांची होडी केली. चिंचोके ठेवताच ती बुडाली. चिमा हिरमुसून घरी गेली.

भिवाचा लेकीवर फार जीव. तिचा चेहरा त्याला बघवेना. त्याने हातातलं काम बाजूला टाकलं आणि सावरीच्या हलक्या लाकडाची एक सुबक होडी कोरून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळे चिंचोके घेऊन ती होडी डौलात पलीकडे गेली. मुलं बघतच राहिली. चिमा हसली, पण थोडंसंच.

पंतोजींनी गोष्ट पुढे नेली. "वाटेत खारूताईला एक लंगडं कासव भेटलं. ते म्हणालं, मलाही न्या." त्यांनी चिंचोक्यांच्या जोडीला कासव म्हणून एक गोटा ठेवला. एकेक करत सगळ्या होड्या कलंडल्या. चिमाचीही कलंडली.

बाकीची मुलं लगेच कामाला लागली. कुणी दोन करवंट्या बांधल्या, कुणी सालीखाली काटक्या लावल्या. चिमा मात्र होडी छातीशी धरून उभी राहिली.

"काय गं, काय झालं?" पंतोजींनी विचारलं.

"ही आबांनी केलीय. हिच्यात काय बदलायचं, ते मला नाही कळत." आणि तिला रडू फुटलं.

पंतोजी तिच्याजवळ बसले. "तुझी पानांची होडी का बुडाली होती?"

चिमाने डोळे पुसत विचार केला. "मधून पाणी शिरलं... पानं नीट शिवली नव्हती."

"बघ, तिने तुला काहीतरी सांगितलं. तशीच आणखी एक करून आण."

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. भिवाला वाईट वाटलं. "पोरी, तुला रडताना बघवलं नाही गं मला."

"ते खरं, आबा. पण माझी मला परत करून बघायची होती."

त्या दिवसापासून चिमा अंगणात पानांच्या होड्या शिवत, चिकटवत, मोडत बसे. तिचं चुकताना दिसलं की भिवाचे हात शिवशिवत. मग तो मुकाट्याने रंधा उचले आणि फळी तासू लागे.

पुढे एका सकाळी शेजारच्या गोदाकाकूंचं करडू रिकाम्या पेवात पडलं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड अरुंद, आतली हवा कोंदट. त्यात माणसाने उतरणं धोक्याचं. तोंड रुंद करावं, तर माती करडावरच ढासळायची. दोर सोडला, पण करडू तो धरणार कसा? ते आत ओरडत होतं, वर त्याची आई ओरडत होती.

चिमा म्हणाली, "काकू, टोपली सोडूया."

टोपलीत पाला घालून सोडली. करडाने काठावरून मान घालून पाला खाल्ला. आत काही ते चढेना.

"काठ आडवा येतोय," चिमा म्हणाली. "सूप घ्या. त्याची एक बाजू उघडी असते."

सुपाच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधून, पाला घालून ते खाली सोडलं. या वेळी करडू आत आलं. पण सूप उचलताच ते उघड्या बाजूने घसरून पुन्हा खाली पडलं. गोदाकाकूंनी डोळे मिटून घेतले.

भिवाला चूक कुठे आहे ते दिसलं. तो पुढे झाला, तोंड उघडलं. आणि चिमाकडे बघून थांबला. ती दोऱ्यांकडे एकटक पाहत होती.

"उघड्या बाजूच्या दोऱ्या आखूड करूया!" ती एकदम म्हणाली. "मग ती बाजू आधी उचलली जाईल, करडू मागे सरकेल."

तसंच झालं. सूप वर आलं, त्यात मागच्या काठाला टेकलेलं, थरथरणारं करडू. गोदाकाकूंनी आधी करडाला पोटाशी धरलं, मग चिमाला. भिवा मान फिरवून डोळे पुसत राहिला.

त्यानंतर कुणाचं मूल "मला हे करून द्या" म्हणत सुतारशाळेत आलं, की भिवा त्याला लाकडाचा तुकडा आणि एक लहानशी करवत देई, आणि बोट कापू नये म्हणून शेजारी बसून राही.

बोध: मुलाच्या हातून होणारी चूक मायेपोटीही हिरावून घेऊ नये, तिच्यातूनच त्याचा हात घडतो.