वाकडी फिल्म

“मग काय, आता बांधून ठेवायचं का हिला?”

डॉ. शार्दूल इंगवलेचा पारा चढला होता. एक्स-रेच्या टेबलावर हौसाक्का पडलेली. अंगात ताप, उजव्या कमरेत कळ. तीनदा फिल्म काढली आणि तिन्ही वेळा तिचा कणा उजवीकडेच कललेला आला.

“यल्लप्पा, पेशंटला सरळ झोपवता येत नाही तुम्हाला?”

“झोपवतो ना साहेब. बाई पुन्हा वाकडी होते.” टेक्निशियन यल्लप्पाही आता मेटाकुटीला आला होता.

“हौसाक्का, पाय सरळ!”

“करतोय की ओ डाक्टर… ऱ्हातच न्हाई त्यो.”

शार्दूलने स्वतः वाळूची पिशवी उचलली आणि तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवली. म्हातारी कळवळली. पण सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाला वाकडी फिल्म म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो, त्याला कोण काय करणार!

त्यात सर्जरीवाल्यांचे फोनवर फोन. बाईला ठेवून घ्यायचं की घरी सोडायचं? शार्दूलने वैतागून सांगूनही टाकलं होतं, “हाडं ठीक आहेत. गोळ्या द्या आणि सोडा.” आता फक्त रिपोर्टला जोडायला एक धड फिल्म हवी होती.

तेवढ्यात विभागप्रमुख डॉ. सरवटे आत आले. शार्दूलला हायसं वाटलं. आता सर यल्लप्पाला चांगले झाडतील.

सरांनी तिन्ही फिल्म पाहिल्या.

मग टेबलाशी गेले आणि गुडघ्यावरची पिशवी उचलून खाली ठेवली.

हौसाक्काचा गुडघा आपसूक वर आला. ती उजवीकडे कलली आणि तिच्या कपाळावरची आठी गेली.

“आता काढा,” सर यल्लप्पाला म्हणाले.

“अशी? सर, ही तर आणखी वाकडी येईल!” शार्दूल म्हणाला.

“येऊ दे.”

फिल्म आली. सरांनी कण्याच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. तिथे कमरेतून मांडीत उतरणाऱ्या स्नायूची कड स्वच्छ दिसत होती. मग बोट उजवीकडे नेलं.

“आणि इथली?”

शार्दूल वाकून पाहू लागला.

“…नाही दिसत, सर. पण बाईच वाकडी झोपते, त्याला मी काय करू?”

सरांनी फोन उचलला.

“सर्जरी? हौसाक्का घरी जाणार नाही. लगेच सोनोग्राफी करतोय. उजव्या कमरेच्या स्नायूत पू असणार, तो काढायची तयारी ठेवा.”

आता मात्र शार्दूलला राहवेना. समोर सर आहेत याचंही भान सुटलं.

“पू? कुठाय पू, सर? एवढ्या फिल्म काढल्या, एकीत तरी दाखवा मला!”

सरांनी चष्मा काढला. डोळे चोळले. एक मोठा सुस्कारा सोडला…

“पू दिसत नसेल, शार्दूल. त्याला जपून झोपलेली बाई तरी दिसते ना?”