तराजूचे तीन निरोप

मला सांगा, भरवसा कोणावर ठेवाल, गप्प बसलेल्या मित्रावर की स्वतःच्या घाईवर?

फार मागे आमच्या दुकानात तराजू आणि धान्य मोजायचं माप, पायली, शेजारी बसत. तराजूने "ओत गं" म्हणावं, पायलीने लगेच भात ओतावा. पुढे पायली नदीपलीकडच्या कोठारात गेली. निरोपाला पारवा होता, पण तराजूला ती अजून शेजारीच वाटे.

कोठारात तीन पायली भात उरला होता, त्यातला दोन पायली बियाण्याचा. तो पेरून पिकला की सुगीला नव्या भातासोबत पायली दुकानात परत येणार होती.

तराजूने कळवलं, "एक पायली उखळात ओत." उत्तर नाही. काम राहिलं असं धरून त्याने पुन्हा कळवलं, मग तिसऱ्यांदा. निरोप तिन्ही पोचले होते, वाऱ्यात हरवत होती ती उत्तरं. बियाणंसुद्धा कांडलं गेलं, पेरायला काही उरलं नाही आणि पायलीचं परत येणंही राहिलं.

वारा पडल्यावर हे कळलं, तेव्हा तराजूने विचारून पाठवलं, "वेडे, तीनदा ओतलंस?"

पायलीचं उत्तर आलं, "तूच तीनदा सांगितलंस! शेजारी असते, तर तुझी दांडी बघून ओळखलं असतं."

आता प्रत्येक कामाच्या निरोपाला वेगळ्या गाठीचा दोरा असतो. तीच गाठ पुन्हा दिसली की पायली ओतत नाही, नुसतं "झालं" कळवते. तरी दांडी नदीकडेच कलते.

तेव्हा बाबांनो, एवढं करा. हिशेबात "झालं" आणि "राहिलं" यांच्या जोडीला "ठाऊक नाही" हेही प्रामाणिकपणे लिहीत जा.