सारख्या आवाजाची नाणी

आंबराईच्या वाटेवर, जिथं उन्हात दगडसुद्धा चटके देत, तिथं गावकऱ्यांनी चालवलेली एक इवलीशी पाणपोई होती. अनवाणी गोजरा तिथं वाटसरूंना पाणी द्यायची. तिची आई मोळ्या विकायची. पाणी दुरून बैलगाडीनं येई, गाडीचं भाडं दानाच्या मडक्यातून जाई, आणि यंदा मडकं रिकामं होतं.

"उद्यापासून पाणपोई बंद," कारभारी दाजीबा म्हणाले. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

गोजराच्या मुठीत एक पैसा होता, पण टाकायची लाज वाटत होती. गावाची रीतच तशी होती. दान पडलं, की दाजीबा नाव आणि रक्कम मोठ्यानं पुकारत. शेटजी वर्षातून एकदा वीस रुपये टाकत आणि वर्षभर मिशीला पीळ देत. ज्यांच्याकडे एखादाच पैसा असे, ते लाजून तो न टाकताच घरी जात.

बकुळीखाली बसून गोजरा रडू लागली. तेवढ्यात फुलांतून मोरपंखी पंखांची, लुकलुकती चिमुकली परी उतरली.

"एक वर माग, बाळ. सोन्याचं मडकं देते, कधी रितं होणार नाही. पण त्यात दुसऱ्या कुणाला काही टाकता येणार नाही."

गोजरानं पायांचे फोड पाहिले. मग म्हणाली, "मग माझ्या आईनं तिचा पैसा कुठं टाकायचा? त्यापेक्षा प्रत्येक नाणं सारखंच वाजू दे."

"तथास्तु. पण नाव पुकारलंत, की नाद गेला."

गोजरानं दाजीबांना परीची अट सांगितली आणि मडक्यात पैसा टाकला. रुणझुण! मग आई आली, कुंभार आला, दळणवाली आली. शेटजींचा रुपयाही तस्साच वाजला. ते जरा रुसले, पण तो गोड नाद ऐकायला रोज येऊ लागले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना! त्या वर्षी भाडं फिटलं, पुढच्या वर्षी गार सावलीचा मांडव झाला, आणि मग पाणपोईशेजारीच विहीर खणली.

झुळझुळ पाणी लागलं, तेव्हा दाजीबांनी आनंदानं तोंड उघडलं, "ही विहीर आपल्या गोज..." आणि पटकन स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. सारा गाव हसला.

पाण्यावर सोनेरी प्रकाश थरथरला. त्यात परी क्षणभर दिसली, गोजराकडे पाहून हसली आणि उजेडातच विरून गेली.

गोजरानं खाली पाहिलं. पायांत बकुळीच्या रंगाच्या नव्याकोऱ्या वहाणा होत्या. कुणी दिल्या, ते कुणीच विचारलं नाही.