जोमीच्या बांधावरचा पहिला गोळा

पेण-अलिबागच्या बाजूला खाडीच्या काठाकाठाने गेलात तर पाथरखार नावाचे गाव लागते. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे. अलीकडे भातशेती, पलीकडे खारे पाणी. हा बांध सरळ येतो आणि उघाडीपाशी पोट सुटल्यासारखा एकदम रुंद होतो. पाहुणे हमखास विचारतात, इथेच एवढी माती का? मग ऐंशी ओलांडलेले हासुरामबाबा काठी टेकून खाली बसतात, पाहुण्यांनाही बसायला लावतात. "उभ्यानं ऐकायची गोष्ट नाय ही," म्हणतात.

उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. ओहोटीला ती उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की खाडीच्याच रेट्याने ती मिटते. पण तिच्यात नुसते झुडूप अडकले तरी खारे पाणी आत येते, आणि शेतात खार शिरला की दोन-तीन पावसाळे भाताचे नाव घ्यायला नको. म्हणून झडपेवर एक माणूस नेमलेला असे. बाबांच्या पणज्याच्याही आधी कधीतरी तो माणूस होता नागो. भला माणूस, म्हणे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. भल्या माणसाच्या हातून चूक झाली की ती फार दिवस सापडत नाही, असे बाबांचे स्वतःचे मत आहे.

आषाढातली अमावास्या होती. श्रावण तोंडावर आलेला, त्यामुळे नागोचा व्याही मासे खायला येणार होता. लेकीच्या सासरच्याला सुकटीवर कसे बोळवायचे? ताटात खाडीतला ताजा जिताडाच हवा. झडप मिटू नये म्हणून नागोने सकाळी तिच्यात लाकडाची पाचर ठोकली, म्हणजे भरतीच्या पहिल्या पाण्याबरोबर मासा आत येईल. आत जाळे लावले. असे तो पूर्वीही करायचा, पण लहान भरतीला. अमावास्येचे उधाण वेगळे असते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण मासा मिळाला की लगेच पाचर काढू, असे त्याने मनाशी धरले होते.

मासा मिळाला, चांगला हातभर. तो घरी टाकून यावे म्हणून नागो गेला, तर दारात व्याही ताडीचे मडके घेऊन उभा. "बसा, आलोच," म्हणत नागो घोटभर प्यायला, मग मासा कापायला बसला, मग जेवायलाच बसला. भर दुपारी पाण्याचा आवाज गावात आला तेव्हा त्याच्या हाताला अजून कालवण लागलेले होते.

झडप उखडून गेली होती. शेजारचा बांध फुटून दहा हात रुंद खांड पडली होती आणि नुकतीच लावलेली भाताची आवणी खाऱ्या पाण्याखाली गेली होती. सगळा गाव काठावर गोळा झाला. मोडक्या चौकटीत अडकलेली पाचर नागोला दिसली. ती त्याने कुणाच्या लक्षात न येता अंगातल्या कोपरीत सरकवली.

तेवढ्यात गावचा प्रमुख चाहू पाटील त्याच्याकडे वळला. "नागो, सकालपासून बांदावर कोन आलतं?"

नागोने मान खाली घातली. "जोमी आलती."

यात खोटे एक अक्षर नव्हते. सकाळी पाचर ठोकताना त्याने तिला पाहिलेच होते. खाडीकडे तोंड करून ती बांधावर बसली होती. तिचे तान्हे बाळ जाऊन पाचवा दिवस होता, सुतक फिटलेले नव्हते. सुतकातल्या बाईने बांध ओलांडला, बांधावरच्या देवीचा कोप झाला, असे गावाने ठरवले. गावाला कारण हवे होते आणि ते मिळाले. नागोने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्या श्वासाची लाज त्याला जन्मभर पुरली.

जोमीचा नवरा मिठागरावर कामाला गेला तो परत फिरकला नाही. बायका तिला पाहून विहिरीवरून बाजूला होऊ लागल्या. पण नागोला खाल्ले ते दुसऱ्याच गोष्टीने. जोमीने दोष मानला होता! भांडली नाही, रडली नाही. रोज ओहोटीला एकटीच टोपलीभर चिखल आणून खांडीत टाकायची आणि रोजची भरती तो धुऊन न्यायची. नागो लांबून बघायचा. पाचर त्याने घराच्या आढ्याला खोचून ठेवली होती. जेवताना वर बघायचे टाळायचा, म्हणून त्याची मान खाली राहिली ती राहिलीच. लोक म्हणायचे, गावाच्या दुःखाने खचलाय बिचारा. हे ऐकले की तो ताटावरून उठायचा.

तीन वर्षे गावाने खांड बुजवली आणि तीनदा ती फुटली. चौथ्या वर्षी माघ वद्य अष्टमीला, लहान भरतीचा दिवस धरून, सगळे पुन्हा जमले. कुणीतरी जुने बोलणे काढले, की असा बांध बळी घेतल्याशिवाय उभा राहत नाही. कोण बोलले ते बाबा सांगत नाहीत. त्याच्या वंशातले आहेत गावात, म्हणतात. ते बोलणे सगळ्यांनी ऐकले. तेव्हा जोमी टोपली खाली ठेवून खांडीत उतरली आणि कमरेपर्यंत चिखलात उभी राहिली.

"मना इथंच पुरा," ती म्हणाली. "गाव तरी जगंल."

आणि खरे सांगायचे तर, बाबा म्हणतात, नको म्हणायला कुणी लगेच पुढे झाले नाही.

नागो घराकडे पळाला. पळून गेला असेच लोकांना वाटले. तो परतला तेव्हा त्याच्या हातात पाचर होती. खांडीत उतरून तो जोमीसमोर उभा राहिला आणि सगळे सांगितले. जिताडा, व्याही, ताडी, कालवणाचा हात. "मना इचारलं तवा मी हिचं नाव घेतलं. पाचर माझे कोपरीत होती."

जोमीने एवढेच विचारले, "मंग तवा का नाय सांगितलास?"

नागोने पाचर तेवढी तिच्यापुढे धरली.

मग जोमी पहिल्यांदा स्वतःचे बोलली. बाळ गेले तरी दूध येतच होते. छाती दगडासारखी झाली होती. घरात दूध सांडायचा धीर होईना, म्हणून ती बांधावर बसून ते खाडीत सोडत होती. "मना वाटलं, माझे दुदानंच पानी चढलं," ती म्हणाली. तीन वर्षांत तिला कुणी विचारलेच नव्हते, की बाई, तू तिथे कशाला गेली होतीस?

त्यानंतर चाहू पाटील चिखलात उतरला. बांधाच्या पायाचे चार दगड त्याने आपल्या घराच्या जोत्याला नेले होते, ते त्याने सांगितले. विहिरीवर बाजूला होणाऱ्यांतली एक म्हातारी उतरली. पाणी चढताना तिने पाहिले होते, पण नागो बघेल म्हणून ती घरी गेली होती. एकेक जण आपले सांगे आणि चिखलाचा गोळा पुढच्याच्या हातात देई. त्या दिवशी कुणी दुसऱ्याच्या टोपलीकडे बघत उभे राहिले नाही. गरजेहून तिप्पट माती पडली. खांड पुन्हा फुटली नाही, असे सांगतात.

जोमीने नागोला क्षमा केली का? तसे कुणी सांगत नाही. दर माघात नागो पहिला गोळा घेऊन तिच्यासमोर उभा राही, ती तोच प्रश्न विचारी आणि त्याचा गोळा न घेता पुढे जाई. अशी अकरा वर्षे गेली. बाराव्या वर्षी, थकलेला नागो एकच शब्द बोलला, "भ्यालो." जोमीने गोळा घेतला.

आजही माघ वद्य अष्टमीला पाथरखारची माणसे बांधावर जमतात. गोळा देण्याआधी प्रत्येक जण वर्षभराचे आपले काहीतरी सांगतो. कुणाचे पीक गेलेले असते, कुणाचे माणूस, कुणाच्या हातून काही वाईट घडलेले असते. ऐकणाऱ्याने बोल लावायचा नाही आणि उगाच समजूतही घालायची नाही. गोळा तेवढा घ्यायचा. पहिला मान मात्र एकाच घराचा असतो. हासुरामबाबा काठी बाजूला ठेवतात, चिखलात उतरतात आणि म्हणतात, "आमचे नागोनं पाचर काढली नाय." जोमीच्या जागी समोर उभी असलेली गावातली बाई विचारते, "मंग तवा का नाय सांगितलास?"

दरवर्षीचेच उत्तर आहे, तरी बाबांना ते द्यायला वेळ लागतो.

"भ्यालो," ते म्हणतात, आणि गोळा पुढे करून ती घेईपर्यंत तसेच उभे राहतात.