पंचाचे दहा अंक

फार फार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात रखमाजी नावाचा लोहार राहत असे. एरवी तो ऐरणीवर घण घाली, आणि जत्रा आली की हौसेने मुष्टियुद्ध खेळे. सलग चार जत्रांत त्याने मानाचा फेटा जिंकला. एवढे फेटे गावात कुणालाच मिळाले नव्हते, आणि ही गोष्ट रखमाजी कुणाला विसरू देत नसे.

वय झाले तसा तो पंच झाला. त्या गावची एक रीत होती. लढतीत कुणी खाली पडला की पंच एक ते दहा अंक मोजी, आणि अलीकडे सारे गावही त्याच्याबरोबर मोठ्याने मोजू लागले होते. दहाच्या आत जो उठला नाही, तो हरला.

पुढे बिरू नावाचा एक तरुण धनगर लढू लागला. एक फेटा झाला, दोन झाले, बघता बघता चार झाले. रखमाजीचा नुसता जळफळाट होऊ लागला. बिरूचे कौतुक कानावर आले की त्याला घास गोड लागेना. वर बिरू प्रत्येक लढतीआधी त्याच्या पाया पडे. ते तर त्याला मुळीच सोसत नसे.

पाचव्या जत्रेत बिरूच्या हनुवटीवर ठोसा बसला आणि तो कोसळला. रखमाजीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने मोजायला सुरुवात केली, पण जीभ अशी पळवली की त्याचे दहा झाले तेव्हा गाव अजून सहावर होते. गावाने सात म्हटले आणि बिरू उठून उभा राहिला.

"दहा झाले. तू हरलास," रखमाजी म्हणाला.

"तुमी म्हनता तर झालं असतील," बिरू म्हणाला आणि आपल्या मेंढरांकडे निघून गेला.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. रखमाजीच्या चारही लढती तिने पाहिल्या होत्या.

"रखमाजी," ती म्हणाली, "तुझ्यापुढं जे पडलं, त्यांचं दहाबी असंच मोजलं व्हतं का रं?"

रखमाजी शपथेवर सांगू लागला, की ते दहा खरे होते. आणि मंडळी, ते खरोखरच खरे होते. पण तेव्हा एकटा पंचच मोजी, तो केव्हाच वारला होता, आणि रखमाजीच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? तेव्हापासून त्याच्या चार फेट्यांचा विषय निघाला, की लोक एकमेकांकडे पाहून हसत.

मत्सरापोटी जो दुसऱ्याचे यश खोटे पाडतो, त्याचे स्वतःचे खरे यशही कुणाला खरे वाटत नाही.