शोभेच्या बंबाची तोटी

सुबरावआण्णांच्या तांब्याच्या बंबाची तोटी गळायला लागली आणि संधिवातानं आखडलेल्या बायकोची गरम पाण्याची आंघोळ अडली. तोटी सोडवून आण्णा बोंद्रेशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानाला काचा बसल्यापासून शेठची मान ताठच झालेली.

"असल्या तोट्या आता मिळत नाहीत, आण्णा. भंगारात घाला तो बंब, गिझर घ्या."

दारातच एक जुना बंब घासूनपुसून मांडलेला होता, अगदी तश्शाच तोटीसकट. आण्णांनी तिकडं बोट केलं.

"तो विकायला नाही," शेठ गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही. नुसता शोभेला आहे."

आण्णांनी खिशातली तोटी काढून गल्ल्यावर ठेवली. "मग ही लावा त्याला, आणि ती द्या मला. पाणी नसलं की ही अजिबात गळत नाही."

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. शेठनं दारातल्या बंबाची तोटी सोडवायला पाना शोधला.